टाकी बांधायला नेपाळला: बडोद्याच्या तरुण संघाने सेवादौऱ्याची तयारी कशी करावी

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाच्या बैठकीत "परदेशात सेवेला जाऊया" हा विषय पहिल्यांदा निघाला, तेव्हा एकाने केनिया म्हटलं, एकीने फिलिपिन्स म्हटलं आणि खजिनदार म्हणून मी खात्यात किती शिल्लक आहे ते म्हटलं. नेपाळ ठरलं ते असं वजाबाकी करत करत. व्हिसा लागत नाही, विमान लागत नाही, लिपी देवनागरी आणि आपला रुपया चालतो. दोन फेऱ्या झाल्यावर आता वाटतं, पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या बडोद्याच्या पोरांसाठी याहून बरा देश शोधूनही सापडला नसता.

तेव्हापासून इतर मंडळ्यांतून फोन येतात, "ताई, तुम्ही कसं जमवलंत?" प्रत्येकाला तासभर सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते. आमचं काम अगदी लहान होतं: पाल्पा जिल्ह्यातल्या डोंगराळ गावातल्या शाळेला पाण्याची टाकी, पन्हळी आणि चार नळ. तुमचं काम वेगळं असेल, तयारी मात्र साधारण अशीच करावी लागेल.

आठ महिने आधी: घरच्या गावात घाम गाळा

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं आणि उतरताना घराघरांत चिखल ठेवून गेलं. तो उपसायला आमची पोरं गेली. त्या चार दिवसांत मला माणसं जेवढी कळली, तेवढी चार वर्षांच्या शिबिरांतही कळली नव्हती. उपासनेत सगळ्यात पुढे उभा राहून गाणारा दुसऱ्या दिवशी दिसलाच नाही. मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी घरून फावडं घेऊन आली आणि संध्याकाळी ते धुऊन परत घेऊन गेली.

त्यावरून आम्ही नियमच केला. ज्याला दौऱ्यावर यायचंय त्याने आधी शहरात तीन शनिवार अंगमेहनतीचं काम करायचं: वस्तीतली बालवाडी रंगवणं, दफनभूमीतलं गवत काढणं, काहीही. वेळेवर येतो का, कंटाळवाणं काम न कुरकुरता करतो का, मुकादमाचं ऐकतो का, एवढंच बघायचं. वीस नावं आली होती, तीन शनिवारांनंतर बारा उरली. आठ जण रुसले, पैकी दोघांच्या आया माझ्याशी अजून मोजकंच बोलतात. पण हे रुसवे बडोद्यात परवडतात, परक्या डोंगरात नाही.

बारा ते चौदा ही संख्या बरी. त्याहून जास्त झाले की यजमानांना तुमच्या जेवणाचंच काम होऊन बसतं. निदान दोन जबाबदार मोठी माणसं हवीत, त्यातली एक बाई. १८ वर्षांखालच्या कोणालाही आम्ही नेलं नाही. पाळकसाहेबांना ते थोडं कठोर वाटलं, पण परवानग्यांची आणि जबाबदारीची निम्मी डोकेदुखी त्या एका निर्णयाने गेली.

सात महिने आधी: यजमानांना पत्र

सगळ्या तयारीत सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या. दौरा बिघडतो तो इथेच, फक्त ते कळतं तिकडे पोचल्यावर.

पहिल्या वेळी आम्ही विचारलं, "आम्ही तुमच्यासाठी काय करू शकतो?" उत्तर आलं, "तुम्ही जे कराल ते चांगलंच." पाहुण्याला दुसरं काय सांगणार कोणी? मग आम्ही आमच्याच मनाने ठरवलं आणि मंडळीतून जुने कपडे गोळा केले. दोन पोती भरली. सीमेवर एवढ्या कपड्यांचा हिशेब देता देता आमची सकाळ गेली, आणि गावात पोचल्यावर यजमानांनी एक खोली उघडून दाखवली. तिथे आधीच्या पाहुण्यांनी आणलेली पोती छपरापर्यंत रचलेली होती. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, फक्त आमची दोन पोती वर चढवायला मदत केली.

म्हणून आता पत्रात असे प्रश्न असतात. या वर्षी तुम्ही स्वतः, आम्ही आलो नाही तरीही, कोणतं काम करणार आहात? त्याला किती खर्च येईल आणि त्यातला किती तुमच्याकडे आहे? गावात गवंडी, प्लंबर कोण, त्यांची दिवसाची मजुरी किती? आम्ही गेल्यावर त्या कामाची देखभाल कोणाच्या गळ्यात पडणार? आणि शेवटचा, ज्याला लोक बिचकतात पण ज्याचं उत्तर सगळ्यात उपयोगी पडतं: बाहेरून येणाऱ्या गटांनी काय करू नये असं तुम्हाला वाटतं?

यजमान म्हणजे कोण, हेही तपासा. नेपाळमधली स्थानिक संस्था जिल्हा प्रशासन कार्यालयात नोंदलेली असते आणि परदेशी मदतीची कामं समाज कल्याण परिषदेच्या देखरेखीखाली चालतात. काम सरकारी शाळेत असेल तर मुख्याध्यापकांचं, शाळेच्या व्यवस्थापन समितीचं आणि वडा कार्यालयाचं संमतिपत्र मागा. वडा म्हणजे आपल्याकडचा वॉर्ड. शिक्क्याचं पत्र हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. तोंडी "या, या" म्हणणाऱ्याचा हेतू शुद्धच असतो, पण उद्या कोणी अधिकाऱ्याने विचारलं तर त्याच्या हातात काही नसतं.

अनाथाश्रमात जाऊन मुलांशी आठवडाभर खेळायचं, ही कल्पना प्रत्येक बैठकीत निघते. तिला तिथल्या तिथे नाही म्हणा. नेपाळमधल्या अशा अनेक संस्थांमधल्या मुलांना आई-वडील असतात. शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं गावातून आणायची आणि पाहुण्यांच्या देणग्यांवर संस्था चालवायची, हे प्रकार तिथे उघडकीला आलेले आहेत. शिवाय दर पंधरवड्याला नवी ताई येते, जीव लावते आणि निघून जाते, त्याचा त्या लेकरांवर काय परिणाम होत असेल याचा विचार करा. मुलांशी संबंध येणारच असेल तर तो शाळेत, त्यांच्या शिक्षकांसमोर, दिवसाउजेडी. आमच्या गटातल्या कोणीही एकट्याने कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत थांबायचं नाही, हा नियम लेखी आहे आणि त्यावर प्रत्येकाची सही असते.

तारखेचा घोळ

हे वेगळं सांगते, कारण बडोद्याची माणसं यात हमखास फसतील. नेपाळात सरकारी कामकाज विक्रम संवतानुसार चालतं. यजमानांचं पत्र आलं, "जेठ ५ गते या." गते म्हणजे तारीख. आमच्यातल्या एकाच्या आजोबांनी भिंतीवरचं गुजराती पंचांग काढलं, जेठ सुद पाचम शोधली आणि सगळ्यांना मेअखेरची तारीख सांगून टाकली. संवत तोच, महिन्याचं नाव तेच, मग चुकणार कसं?

चुकलं ते असं. गुजराती महिने चंद्राचे, नेपाळी महिने सूर्याचे. नेपाळी जेठ मेच्या मध्याला लागतो, म्हणजे जेठ ५ साधारण १९ मे. त्या वर्षी दोहोंत दहा-बारा दिवसांचं अंतर पडलं होतं. वर्षसुद्धा जुळत नाही: गुजरातचं नवं वर्ष दिवाळीनंतर, नेपाळचं एप्रिलच्या मध्याला, त्यामुळे मे महिन्यात नेपाळी संवताचा आकडा आपल्यापेक्षा एकाने पुढे असतो. आमचं नशीब म्हणून मुख्याध्यापकांचा फोन आला, "गवंडी एकोणीसला सांगून ठेवलाय ना?" तेव्हापासून प्रत्येक पत्रात इंग्रजी तारीख, नेपाळी तारीख आणि वार, तिन्ही लिहितो. वार जुळला नाही की चूक लगेच दिसते.

कधी जायचं? आपल्या दिवाळीच्या सुटीत हवा सुंदर असते, पण दसैं-तिहारमुळे, म्हणजे तिथल्या दसरा-दिवाळीमुळे, अर्धं नेपाळ आपापल्या गावी जात असतं. बसगाड्या भरलेल्या, शाळा बंद, गवंडी घरी. जून मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस आणि दरडी. आम्हाला मेचा दुसरा पंधरवडा जमला, कारण कॉलेजच्या परीक्षा संपलेल्या असतात आणि तिथलं शालेय वर्ष वैशाखात सुरू होत असल्याने शाळाही चालू असते. तराईत, म्हणजे सीमेलगतच्या सपाट पट्ट्यात, ऊन भाजून काढतं, पण वर डोंगरात सुसह्य असतं.

कायदा, आणि "मिशन" हा शब्द

इथे कोणाचं मन दुखलं तरी स्पष्ट लिहिते. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातलं कलम २६ प्रत्येकाला आपला धर्म पाळायची मोकळीक देतं आणि त्याच कलमात दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या मुलुकी अपराध संहितेच्या, म्हणजे तिथल्या फौजदारी कायद्याच्या, कलम १५८ खाली त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस दोषी ठरला तर शिक्षा भोगून झाल्यावर ७ दिवसांत त्याला देशाबाहेर पाठवतात.

म्हणजे व्यवहारात काय? पत्रकं न्यायची नाहीत. शाळेत मुलांना नवा करार वाटायचा नाही. चौकात गिटार घेऊन गाणी म्हणायची नाहीत. आजाऱ्याच्या घरी, त्याने न मागता, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची नाही. तिथल्या मंडळीच्या उपासनेला मात्र खुशाल जा. ती बहुधा शनिवारी असते, कारण शनिवार ही तिथली परंपरागत सुटी. रविवारी सकाळी तयार होऊन बसलात तर उपासना आदल्या दिवशीच झालेली असेल.

संघातल्या एकाने विचारलं, "मग आपण जायचंच कशाला?" प्रश्न बरोबर होता आणि त्यावर दोन बैठका गेल्या. युनायटेड मिशन टू नेपाळ ही संस्था १९५४ पासून तिथे दवाखाने, शाळा, वीज-पाण्याची कामं करत आली, पाल्पातल्या तानसेन गावचं मिशन हॉस्पिटल त्यातलंच. ज्याला नुसती सेवा पुरेशी वाटत नाही त्याने या दौऱ्यावर येऊ नये, असं शेवटी ठरलं. एक जण गळला. रागावला नाही, उलट निधीसाठी लावलेल्या स्टॉलवर सगळ्यात जास्त राबला.

आणि लपवाछपवी नको. सीमेवर कोणी विचारलं तर "फिरायला आलोय" म्हणायचं नाही. बडोद्याच्या ख्रिस्ती मंडळीतून आलोय, अमुक शाळेत टाकीचं काम आहे, हे पत्र. एवढं पुरतं. सोशल मीडियावर "अंधारात प्रकाश नेला" छापाचं काही लिहायचं नाही. ते वाक्य तिथल्या छोट्या मंडळीच्या अंगाशी येतं, आणि तोवर तुम्ही बडोद्याच्या मांडवीत बसून शेव-उसळ खात असता.

आरोग्य शिबिराचाही मोह टाळा. परदेशी डॉक्टरला तिथे रुग्ण तपासायचे तर नेपाळ मेडिकल कौन्सिलची परवानगी लागते. शिकाऊ डॉक्टर पोरांनी रक्तदाब मोजून गोळ्या वाटणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि गोळी संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न राहतोच.

सहा महिने आधी: कागदपत्रं

१९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे भारतीयाला व्हिसा लागत नाही. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र न्या. आधार कार्डावर विसंबू नका: १५ ते ६५ वयाच्या माणसासाठी ते प्रवासाचा कागद म्हणून धरत नाहीत, आणि हे विमानतळावर कळून परत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत. पासपोर्ट सेवा केंद्र बडोद्यातच आहे. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,००० रुपये. पोलीस पडताळणीला किती दिवस जातील ते आपल्या हातात नसतं, म्हणून सहा महिने आधी. नुकत्याच अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांनी नमुना ६ भरून मतदार यादीत नाव घालावं. दौऱ्याच्या निमित्ताने आमच्या संघात पाच नवे मतदार झाले.

वीसबावीस वर्षांच्या मुलीच्या घरीही जाऊन बसा. कायद्याने संमतीची गरज नसेल, पण आईच्या मनात जे प्रश्न असतात ते मुलगी कधी बैठकीत विचारत नाही. झोपायची सोय कुठे, संडासाला आतून कडी आहे का, रात्री फोन लागेल का. यांची उत्तरं आधी यजमानांकडून घेऊन मगच जा.

पैसे

माझं आवडतं प्रकरण. तत्त्व एक: प्रवास आणि जेवण ज्याचं त्याने भरायचं, मंडळीकडून गोळा केलेला पैसा फक्त कामावर. सामान आणि मजुरी, बस्स. दात्याने दिलेल्या शंभरातले सत्तर आपल्या तिकिटावर गेले तर त्याला दौरा म्हणा, दान म्हणू नका. ज्याला भाडं झेपत नाही त्याच्यासाठी आम्ही वेगळी पेटी ठेवतो आणि त्यातून कोणाला दिलं ते पाळकसाहेब आणि मी, दोघांपलीकडे कोणाला कळत नाही.

मंडळीच्या ट्रस्टचा पैसा परदेशी कामावर खर्च करण्याआधी सीएला विचारा. आयकरात सूट मिळणाऱ्या धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर केलेला खर्च, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी नसेल, तर सुटीसाठी धरला जात नाही. ट्रस्टच्या एफसीआरए खात्याला, म्हणजे परदेशी देणग्यांच्या खात्याला, तर हातही लावू नका. आम्ही दौऱ्याचं खातंच वेगळं ठेवलं आणि पहिल्या पैशापासून पावती फाडली.

निधीसाठी शेव-उसळीचा स्टॉल लावला. बडोद्यात शेव-उसळ विकणं म्हणजे काशीत गंगाजल विकणं, असं सगळे म्हणाले. तरी चार रविवार उपासनेनंतर भांडं रिकामं व्हायचं. तर्री एका मावशींच्या हातची होती, त्याचं श्रेय तरुण संघाने परस्पर घेऊ नये.

चलनाचं गणित सोपं आहे. भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६०, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. नेपाळसाठी डॉलर मागायला बँकेत जाऊ नका, त्या देशासाठी परकीय चलन मिळत नाही. १०० आणि त्याखालच्या भारतीय नोटा बिनघोर न्या. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, निघायच्या आठवड्यात ते पाहून घ्या. २०२४ पासून बऱ्याच दुकानांत फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं. हे नेपाळी फोनपे, आपल्याकडच्या अॅपशी त्याचा संबंध नाही. डोंगरात नेट नसतं, म्हणून मजुरीपुरती रोकड हवीच. अंदाजपत्रकावर पंधरा टक्के वर धरा. आमचे गेले ते एका बिघडलेल्या जीपवर.

तीन महिने आधी: कामाचा आराखडा

गवंडी तिथलाच, मजुरी पूर्ण, आणि आपण त्याच्या हाताखालचे बिगारी. हे उलटं करू नका. आमच्यात दोन सिव्हिल इंजिनिअर होते आणि दोघांना फार शिकवायची हौस होती. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी ओळंबा लावून त्यांची भिंत पाडायला सांगितली. तिथून पुढे सगळं सुरळीत.

वेळेचं गणित मात्र बडोद्यातूनच करावं लागतं. १,००० लिटरची टाकी भरली की एक टन वजन. तिच्या चौथऱ्याच्या काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं. आपण राहणार आठ दिवस. आपण पोचल्यावर चौथरा ओतला तर टाकी चढायच्या आत परतीची गाडी. म्हणून चौथऱ्याचे पैसे आधी पोचते केले आणि तो आमच्या आधी दोन आठवडे बांधून झाला. आम्ही दगड वाहिले, चर खणले, पाइप टाकले, पन्हळी बसवल्या.

पन्हळीचा हिशेबही सांगून ठेवते, पोरांना तो फार आवडला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. शाळेचं पत्र्याचं छप्पर ६० चौरस मीटर, म्हणजे १० मिलिमीटरच्या एका सरीत ६०० लिटर. गळती, उडालेलं पाणी वजा करून पाचातले चार भाग धरा. पहिल्या सरीचं पाणी पत्र्यावरची घाण घेऊन येतं, ते बाहेर सोडायला वेगळा नळ ठेवावा लागतो. तो नळ आम्ही विसरलो होतो, मुख्याध्यापकांच्या पत्नीने आठवण केली.

प्रवास

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणून चौदा जणांची तीन तिकिटं तिघांनी एकाच वेळी काढा. अवध एक्सप्रेस बडोद्याहून थेट गोरखपूरला जाते, सुमारे दीड दिवस. गोरखपूरला रात्र काढा. दमल्या अंगाने तशाच रात्री सीमेकडे निघू नका.

गोरखपूरहून सोनौली तीन तास. सीमा पायी ओलांडा आणि पलीकडे बेलहियात नेपाळी गाडी ठरवा. इथली गाडी आत न्यायची तर भन्सार, म्हणजे जकातीचे कागद, आणि रोजचं शुल्क. पुढे भैरहवा, बुटवल, आणि सिद्धार्थ राजमार्गाने तानसेन. बुटवलच्या वरचा सिद्धबाबाचा टप्पा दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे, तो सकाळीच पार करा. टपावर बसायला कोणी कितीही सांगितलं तरी बसायचं नाही. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा.

भारतीय सिम आपोआप चालणार नाही. सीमेपलीकडे नेपाल टेलिकॉम किंवा एनसेलचं एक-एक सिम घ्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची, कारण डोंगराच्या एका बाजूला एक चालतं आणि दुसऱ्या बाजूला दुसरं.

तिथे गेल्यावर

देवनागरी वाचता येते म्हणून भाषा येते असं समजू नका. नेपाळीत दाइ म्हणजे थोरला भाऊ. आमच्या एका मुलीला मिस्त्रींना "दाइ" म्हणायला दोन दिवस लागले, तिच्या डोळ्यांपुढे सुईणच यायची. खाजा म्हणजे दुपारचा खाऊ. ख्रिस्ती माणसं एकमेकांना "जय मसीह" म्हणतात, शाळेत मात्र सगळ्यांना नमस्ते.

दाल-भात-तरकारी सकाळी दहाच्या सुमारास आणि मग संध्याकाळी. मधल्या वेळेत आपली पोरं भुकेने वेडी होतात, म्हणून थेपले, खाखरे, भाकरवडी आणि लिलो चिवडा भरपूर न्या. पण यजमानांच्या ताटासमोर आपला डबा उघडायचा नाही.

पाणी उकळलेलंच. सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटून टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताच्या लसींचं विचारून घ्या, रेबीजचंही. तराईत डास चावतात, तिथे मलम हवं. उंचीची भीती नको: तानसेन साधारण १,३५० मीटरवर आहे. इथला आरोग्यविमा बहुधा देशाबाहेर चालत नाही, नेपाळ नाव स्पष्ट लिहिलेला प्रवास विमा घ्या.

मुलांचे फोटो नाहीत. कामाचे, टाकीचे, आपल्या फोड आलेल्या हातांचे हवे तेवढे काढा. दौऱ्यातल्या एका मुलाने दुसऱ्या दिवशी फोन पेटीत टाकला आणि म्हणाला, "ताई, आता काय करू?" त्याला चर खणायला दिला.

बिघडलं तर

८ आणि ९ सप्टेंबर २०२५ ला काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं, विमानतळ बंद झाला, सरकार पडलं. त्या वेळी आमचं कोणी तिथे नव्हतं, पण त्यानंतर आम्ही योजनेत एक पान वाढवलं. काठमांडूतल्या लैनचौर इथल्या भारतीय दूतावासाचे आणि वीरगंजच्या वाणिज्य दूतावासाचे क्रमांक कागदावर, प्रत्येकाच्या खिशात. पोलीस १००, रुग्णवाहिका १०२. परतीच्या तिकिटाआधी दोन मोकळे दिवस. बडोद्यात एक माणूस ठरलेला, ज्याला रोज रात्री आठला निरोप जातो आणि जो बाकीच्या तेरा घरांना कळवतो. चौदा आयांनी चौदा फोन केले तर डोंगरातला टॉवरच बसेल.

गटातल्या एखाद्याला मधूनच परत पाठवायचा अधिकार कोणाकडे, हेही आधी ठरवा. आमच्याकडे तो दोन मोठ्या माणसांकडे आहे आणि पाळकसाहेबांनासुद्धा तो निर्णय फिरवता येत नाही. अजून वापरायची वेळ आली नाही.

आल्यावर

पंधरा दिवसांत हिशेब मंडळीच्या फलकावर लावा, पावत्यांसकट. उपासनेत साक्ष द्यायला सांगतील, तेव्हा तिथल्या लोकांच्या गरिबीच्या गोष्टी सांगू नका. त्यांच्यातला कोणी बाकावर बसून ऐकतोय असं समजून बोला. तिथे कोणाला वैयक्तिक वचन दिलं असेल, फी भरतो, फोन पाठवतो, तर ते गटाला सांगा, परस्पर काही नको.

सहा महिन्यांनी फोन करून विचारा, काय मोडलं? आमची पन्हळ पहिल्याच पावसात पानांनी तुंबली. शाळेने बांबूची काठी घालून ती मोकळी केली. मग पुढच्या वर्षीचं पत्र आलं, तिन्ही तऱ्हेने तारीख लिहिलेलं. त्यात तीन गोष्टी होत्या: पन्हळीला जाळी, मुलींच्या संडासाला नळ, आणि या वेळी चिवडा जास्त.